अर्ध्या मुळाचा दात

मित्रांनो, तुमच्यापैकी पुष्कळांनी मला पाहिले आहे, पण नीट कुणीच पाहिलेले नाही. कारण मी समोर आलो की तुम्ही डोळे गच्च मिटून घेता, नाहीतर एक डोळा किलकिला करून माझ्यावर राग धरता. दातांच्या दवाखान्यात खुर्चीवर आडवे झाल्यावर तोंडावर जो पिवळसर उजेड पडतो ना, तो पाडणारा दिवा म्हणजे मी. वयाने मी आता चांगलाच जुना झालो आहे. माझ्या उजेडात किती दुधाचे दात पडले आणि किती पक्के दात आले, याची मोजदाद मी केव्हाच सोडून दिली. पण एका दाताची गोष्ट मात्र मला तुम्हाला सांगायची आहे. तो दात भिंगरीचा.

त्याआधी थोडेसे माझ्याविषयी. माझा जन्म एका लांबलचक शेडमध्ये झाला. तिथे आम्ही दिवे रांगेने लटकत पुढे सरकत असू आणि प्रत्येक जण आमच्यात एकेक वस्तू बसवत असे. कुणी तार, कुणी स्क्रू, कुणी लोखंडी हात. माझ्या पोटातला वाटीसारखा आरसा एका बाईंनी मऊ फडक्याने पुसला, त्यावर फुंकर मारली आणि शेजारणीला म्हणाल्या, “ह्यात बघून भांग पाडता येईल गं!” ही मला मिळालेली पहिली शाबासकी.

मग मी एका मोठ्या दवाखान्यात आलो. मुलांच्या दातांच्या विभागात चार खुर्च्या होत्या आणि चारही खुर्च्यांवर आम्ही नवे कोरे दिवे होतो. “काय लख्ख उजेड आहे!” असे जो तो म्हणे. सिस्टर रोज सकाळी आम्हाला पुसत. मी जिथे ठेवाल तिथे थांबत असे, तसूभरही हलत नसे. एका दिव्याला याहून जास्त काय हवे?

पण दिवस सारखे राहत नाहीत. वर्षांमागून वर्षे गेली. बाकीच्या तीन खुर्च्यांवर पांढऱ्या प्रकाशाचे नवे दिवे आले. माझा नंबर यायच्या आधीच ते संपले म्हणे. माझा सांधा सैल झाला आणि मी मान टाकू लागलो. वर ढकलले की दोन मिनिटांत हळूहळू खाली. मुठीला तडा गेला, त्यावर कुणीतरी चिकटपट्टी गुंडाळली. “चार नंबरचा दिवा लागतो, पण जागेवर टिकत नाही,” असे डॉक्टर एकमेकांना सांगत आणि पेशंटला दुसऱ्या खुर्चीकडे नेत. हात धुवायच्या बेसिनशेजारचा तो कोपरा हळूहळू खोके ठेवायची जागा झाला. दिवे रडत नाहीत, म्हणून बरे.

मग एके दिवशी नव्या डॉक्टरबाई आल्या. नवीन माणसाला जुनी खुर्ची, हा सगळ्या जगाचा नियम. त्यांना चार नंबर मिळाला. त्यांनी खोकी हलवली, मला पेटवले, माझ्याकडे मान वाकडी करून पाहिले आणि ओल्या मऊ कापडाने माझा आरसा पुसायला घेतला. कापड काळेकुट्ट झाले.

“सिस्टर, हा दिवा मंद नाहीये हो,” त्या म्हणाल्या. “अर्धा अंधार तर धुळीचाच होता.”

त्या दिवसापासून मी त्यांचा झालो.

भिंगरी आली तेव्हा सव्वाआठ वर्षांची होती. एका जागी म्हणून बसायची नाही, म्हणून घरच्यांनी ठेवलेले हे नाव. सोबत तिचे आजोबा होते, आईचे वडील. आयुष्यभर नळजोडणीचे काम केलेले, जाड भिंगाचा चष्मा आणि खांद्यावर अवजारांची पिशवी. काम थांबवून जवळपास वर्ष झाले होते, पण पिशवी काही सुटली नव्हती. भिंगरीच्या आईला सकाळची पाळी असे, म्हणून दवाखान्याचे काम आजोबांकडे.

झाले होते असे. तीन महिन्यांपूर्वी शाळेच्या पुसलेल्या फरशीवरून भिंगरी सुसाट पळाली आणि पाण्याच्या नळावर तिचे तोंड आपटले. वरच्या समोरच्या दाताचा एक टवका उडाला. थोडे रक्त आले, थोडे रडून झाले, दुसऱ्या दिवशी दुखणे थांबले. दुखत नाही म्हणजे बरे झाले, असे सगळ्यांना वाटले. पण दात आतून मुकाट्याने मरत होता. आता हिरडीवर पांढरी पुळी आली होती आणि दाबले की त्यातून पू येत होता.

डॉक्टरबाईंनी एक्स-रे काढला. विभागाचे मोठे डॉक्टर तिथूनच जात होते. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून फोटो पाहिला.

मित्रांनो, इथे तुम्हाला एक गोष्ट समजून घ्यावी लागेल. पक्का दात हिरडीतून वर आला म्हणजे तो पूर्ण झाला असे नसते. त्याचे मूळ आणखी तीनेक वर्षे आतल्या आत वाढत असते. आधी ते आखूड, पातळ आणि खाली तोंड उघडे असलेल्या नळीसारखे असते. ते वाढवायचे काम दाताच्या आतला जिवंत गर करतो. गर मेला की मूळ जिथल्या तिथे थांबते. भिंगरीच्या दाताचे मूळ अर्ध्यावरच थांबले होते.

“भिंती बघा, कागदासारख्या,” मोठे डॉक्टर म्हणाले. “आत सगळं सडलंय. काढून टाका. पुढचं ती मोठी झाल्यावर बघू.”

“सर, मुळाच्या टोकाशी थोड्या कोवळ्या पेशी अजून जिवंत असतील,” डॉक्टरबाई म्हणाल्या. “आतली जागा नीट निर्जंतुक करता आली, तर त्या परत कामाला लागू शकतात. मूळ वाढू शकतं. मला एकदा करू द्या.”

“मीही केलं होतं एकदा. दात काळानिळा पडला आणि पुळी परत आली ती आलीच.” त्यांनी फोटो परत एकदा पाहिला. “बरं. एक संधी. पण पुळी परत दिसली तर वेळ घालवायचा नाही. काढायचा.”

ही सगळी बोलणी भिंगरीच्या डोक्यावरून चालली होती. खुर्चीत आडव्या झालेल्या मुलांना ऐकू येत नाही, असे मोठ्यांना का वाटते कोण जाणे. मी खाली पाहिले. भिंगरीने इतक्या बोलण्यातले दोनच शब्द उचलले होते. काढून टाका. तिने ओठ घट्ट मिटून घेतले होते.

पुढच्या आठवड्यात काम सुरू झाले. आजोबांना शेजारी स्टुलावर बसायची परवानगी मिळाली आणि तिथेच त्यांच्यातला कारागीर जागा झाला.

“बाई, विचारू का एक? आत घाण आहे म्हणता, तर ती कानशीने खरवडून काढत का नाही?”

“मोठ्या माणसांच्या दातात तेच करतो आजोबा, बारीक कानशींनी. पण इथे घासायला भिंत आहेच कुठे? घासली तर फुटेल. म्हणून नुसतं धुवायचं.”

“कशानं?”

डॉक्टरबाईंनी छोटी बाटली उघडली. पोहण्याच्या तलावापाशी येतो तसा वास पसरला. आजोबांनी नाक वर केले. “हे तर टाकी धुतो त्यातलं दिसतंय!”

“कूळ तेच. पण हे खूप सौम्य केलेलं आहे.”

“आणि कडक का नको? एका झटक्यात सगळे जंतू खलास.”

“जंतूंबरोबर त्या कोवळ्या पेशीही खलास होतील. मग मूळ वाढवणार कोण?”

आजोबा विचारात पडले. मग म्हणाले, “म्हणजे घरात ढेकूण झालेत, पण पाळण्यात बाळ झोपलंय.”

डॉक्टरबाई हसल्या. “अगदी बरोबर. मला सहा वर्षं शिकवून कुणी इतकं सोपं सांगितलं नाही.”

मित्रांनो, त्या दिवशीचे काम मी फार जवळून पाहिले. हिरडी बधिर करायची सुई टोचताना भिंगरीने आजोबांचे बोट पिळवटून काढले. मग तिच्या दाताभोवती निळ्या रबराचा पातळ पडदा ताणून बसवला. पडद्यातून तो एकच दात वर डोकावत होता. औषध घशात जाऊ नये आणि थुंकी दातात जाऊ नये, म्हणून ही व्यवस्था. दाताच्या मागच्या बाजूने एक छोटे दार उघडले, तेव्हा आतून कुबट वास आला. सिस्टरनी मान वळवली. डॉक्टरबाईंनी नाही वळवली.

धुण्याची सुई पाहून आजोबांनी चष्मा पुसला. तिचे टोक बंद होते आणि भोक बाजूला होते.

“खालचं तोंड उघडं असलेल्या नळीत जोर लावला तर सगळं पलीकडे जाईल, म्हणून भोक बाजूला! कुणाचं डोकं हे? पाया पडायला हवं त्याच्या.”

“पाया नंतर पडा, आता हलू नका,” सिस्टर म्हणाल्या.

डॉक्टरबाईंनी सिरिंजच्या दट्ट्यावर बोट ठेवले आणि ते इतके हळू दाबायला लागल्या की बोट हलते आहे हेही कळत नव्हते. थेंब थेंब औषध आत जाई, गढूळ होऊन वर येई, शेजारची नळी ते ओढून घेई. पाच मिनिटे. पाच मिनिटे म्हणजे काय, हे एका जागी हात धरून बसल्याशिवाय समजत नाही. आणि नेमके तेव्हा माझे जुने दुखणे उपटले. मी मान टाकायला लागलो. उजेड दातावरून सरकून भिंगरीच्या नाकावर गेला. मला इतकी लाज वाटली! सिस्टरनी पुढे होऊन एका हाताने मला वर उचलून धरले आणि दुसऱ्या हाताने ओढणारी नळी सांभाळली. डॉक्टरबाईंचे बोट थांबले नाही.

नंतर मिठाच्या पाण्याने दात धुतला, कागदाच्या बारीक वातींनी कोरडा केला. आत चुन्याच्या कुळातले पांढरे औषध भरले आणि वर तात्पुरत्या सिमेंटचे झाकण बसवले.

“तीन आठवड्यांनी या. समोरच्या दाताने काही चावायचं नाही. झाकण निघालं तर त्याच दिवशी यायचं, बरं का भिंगरी? दार उघडं राहिलं की जंतू परत आत.”

भिंगरीने मान हलवली.

निघताना आजोबा माझ्यापाशी घुटमळले. “बाई, ह्याचा सांधा आवळू का? वॉशर झिजलाय, दुसरं काही नाही.” पिशवीतून पाना निघाला, एक रबरी चकती निघाली, आणि दहा मिनिटांत माझी मान ताठ झाली. इतकी वर्षे ज्याला ‘मोडका’ म्हणत होते, त्याला एक चकती हवी होती. त्या दिवशी मी जरा जास्तच लख्ख पेटलो, असे सिस्टर म्हणाल्या. दिव्यांना तसे करता येत नाही. पण मी काही बोललो नाही.

तीन आठवड्यांनी भिंगरी आली ती खाली मान घालून. खुर्चीत बसली, पण तोंड उघडेना. डॉक्टरबाईंनी हलकेच ओठ वर केला आणि त्यांचा हात तसाच राहिला.

पुळी परत आली होती.

त्यांनी आरसा आत घातला. मी वाकून पाहिले. झाकण जागेवर नव्हते. दाताच्या मागचे दार सताड उघडे आणि आत अन्नाचे काळपट कण बसलेले.

“झाकण कधी निघालं बाळा?”

“आज सकाळी,” भिंगरी पटकन म्हणाली.

ते खरे नव्हते, हे मला दिसत होते. माझ्या उजेडात त्यांनाही दिसत होते. मला वाटले, आता ओरडा बसणार. पण डॉक्टरबाईंनी हात वर करून मला चक्क विझवले. खुर्ची सरळ केली, स्टूल पुढे ओढले आणि भिंगरीच्या बरोबरीने बसल्या. बेसिनचा नळ तेवढा ठिबकत होता.

“मी बाटलीचं झाकण दातानं उघडलं,” भिंगरी शेवटी म्हणाली. “तेव्हा निघालं. दहा दिवस झाले.”

“दहा दिवस!” आजोबा उठलेच. “अगं, आणि मला सांगितलं नाहीस? रोज तर विचारत होतो, दात बरा आहे ना म्हणून!”

“सांगितलं असतं तर तुम्ही इथे आणलं असतं,” तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागले. “आणि इथे आलं की काढणार होते. ते सर म्हणाले होते ना, काढून टाका. मी जेवताना त्या दातानं चावायचेच नाही. हसायचे पण नाही.”

आजोबा परत स्टुलावर बसले. रोज नातीला पाहणाऱ्या माणसाला, ती दहा दिवस हसली नाही हे कळले नव्हते. चष्मा काढून ते उगीचच पुसत राहिले.

डॉक्टरबाई उठल्या आणि मोठ्या डॉक्टरांना घेऊन आल्या. त्यांनी पुळी पाहिली, मान हलवली. “आपलं ठरलं होतं.”

“हो सर. पण औषध हरलेलं नाही. दार उघडं राहिलं म्हणून हे झालं.”

“का राहिलं?”

डॉक्टरबाईंनी एक श्वास घेतला. नव्या माणसाने मोठ्यांसमोर असे बोलावे की नाही, हा प्रश्न त्यांच्या चेहऱ्यावर मला स्पष्ट दिसला. “कारण आपण तिच्यासमोर ‘काढून टाका’ म्हणालो. ती घाबरली आणि तिनं लपवलं. दहा दिवस.”

मला वाटले, आता संपले. भिंगरीचा दातही संपला आणि डॉक्टरबाईंचे इथले दिवसही. पण मोठ्या डॉक्टरांनी स्टूल ओढले, गुडघे कुरकुरले तरी खाली बसले आणि भिंगरीकडे पाहिले.

“ते मी बोललो होतो ना?”

भिंगरीने मान डोलावली.

“चुकलंच माझं. दात तुझा आणि मी बोलत होतो भिंतीशी.” मग त्यांनी डॉक्टरबाईंकडे वळून विचारले, “आता काय म्हणता?”

“पुन्हा पहिल्यापासून. जास्त वेळ धुवायचं. आणि ह्या वेळी आत औषध बदलायचं.”

“जंतू मारायच्या तीन औषधांचं ते नेहमीचं मिश्रण वापरू नका. त्यातल्या एकानंच माझ्या पेशंटचा दात काळवंडला होता. ते वगळून दोनच घ्या. आणि अगदी पातळ. मी त्या वेळी घट्ट लगदा भरला होता,” ते जरा हळू आवाजात म्हणाले. मग उठून, बाही सावरून, त्यांनी स्वतःच्या हाताने मला पेटवले आणि दातावर आणून ठेवले. “अरे, हा थांबतो की आता!”

त्या दिवशी धुणे बराच वेळ चालले. आधी गढूळ पाणी वर येत होते, मग फिके, मग स्वच्छ. कागदाची वात आत घालून बाहेर काढली तर पिवळी, पुन्हा पिवळी, आणि मग एक वात कोरडी, पांढरी. डॉक्टरबाईंनी ती भिंगरीला दाखवली. झाकण ह्या वेळी दोन थरांचे बसवले.

“आणि हे बघ,” त्या म्हणाल्या, “झाकण हललं असं नुसतं वाटलं तरी ये. तुला इथे दात काढायला नाही, झाकण लावायला बोलावलंय.”

भिंगरीने हे इतके मनावर घेतले की विचारू नका. चौथ्या दिवशी हजर. “कोपरा हलतोय वाटतं.” काही हलत नव्हते. पुढच्या आठवड्यात परत हजर. “जिभेला खरखरीत लागतंय.” काही झालेले नव्हते. तिसऱ्या वेळी आजोबाच हात जोडून म्हणाले, “बाई, हिच्या पायी माझ्या चपला झिजल्या.” पण डॉक्टरबाईंनी एकदाही कपाळाला आठी घातली नाही. दर वेळी मला पेटवून नीट पाहिले आणि म्हणाल्या, “छान. आलीस ते बरं केलंस.”

चार आठवडे झाले. पुळी नव्हती. हिरडी गुलाबी होती. दार उघडले तेव्हा कुबट वास आला नाही. आता शेवटचे आणि सगळ्यात अवघड काम होते. दात नुसता स्वच्छ असून भागत नाही. त्या कोवळ्या पेशींना आत येऊन वाढायला काहीतरी आधार लागतो. तो आधार भिंगरीच्या स्वतःच्या रक्ताचा. मुळाच्या टोकापलीकडे बारीक टोचून रक्त नळीत वर आणायचे आणि तिथेच गोठू द्यायचे. म्हणून ह्या वेळी बधिर करायच्या सुईत रक्त आखडून धरणारे औषध घातलेले नव्हते.

डॉक्टरबाईंनी आधी एका वेगळ्या औषधाने नळी धुतली. “ह्यानं भिंतीतली चांगली द्रव्यं मोकळी होतात, पेशींना बोलावणारी,” त्यांनी सांगितले. मग बारीक वाकवलेली सळी आत घालून टोकापलीकडे हलकेच फिरवली. सगळे वाट पाहू लागले.

काहीच आले नाही.

पुन्हा फिरवली. नळी कोरडी ठाक. मोठे डॉक्टर दारात येऊन उभे राहिले होते. सिस्टरनी घड्याळाकडे पाहिले. भिंगरी निळ्या पडद्याआडून डोळे फिरवत होती.

आजोबा खालच्या आवाजात म्हणाले, “पन्नास वर्षं गळती बंद करत आलो. आयुष्यात पहिल्यांदा, गळती व्हावी म्हणून बसलोय.”

भिंगरीला हसू आले. पडद्याआडून घशातल्या घशात खुदखुदली. डॉक्टरबाईंनी हात वर धरला, ती शांत होईपर्यंत थांबल्या आणि तिसऱ्यांदा सळी फिरवली. आणि मग मित्रांनो, त्या अरुंद अंधाऱ्या नळीच्या तळाशी मला एक लाल ठिपका दिसला. टाचणीच्या टोकाएवढा. तो मोठा झाला, हळूहळू वर चढला आणि हिरडीच्या जरा खाली येऊन थांबला.

“आलं,” डॉक्टरबाई एवढेच म्हणाल्या.

रक्त गोठेपर्यंत डॉक्टरबाई थांबल्या. मग त्यांनी पांढरी पूड ओली करून वर हलकेच लिंपली.

“हे काय?” आजोबांनी विचारले.

“सिमेंटच म्हणा की.”

“शेवटी सिमेंटच!” आजोबा खूश झाले. “मग तर मीही करू शकलो असतो.”

“तुम्ही भिंगरीला शांत बसवता, तेवढं पुरे आहे,” सिस्टर म्हणाल्या. वर पक्के झाकण बसले, तुटलेला टवकाही दाताच्या रंगाच्या लुकणाने भरून निघाला. भिंगरीने आरशात पाहिले आणि त्या दोन महिन्यांत पहिल्यांदाच सगळे दात दिसतील इतकी हसली.

इथे गोष्ट संपली असे तुम्हाला वाटेल. पण दात घाई करत नाहीत. सहा महिन्यांनी एक्स-रे काढला, तेव्हा मुळाच्या टोकाशी जंतूंमुळे हाड झिजून पडलेला काळा डाग बराच पुसला गेला होता. हाड भरून येत होते. मूळ मात्र तेवढेच. भिंगरीचा चेहरा पडला. डॉक्टरबाईंनी खोटा धीर दिला नाही. “काही दात वाढतात, काही नाही वाढत. जंतू गेले, दात टिकला, हेच पहिलं यश. बाकी त्याचं तो ठरवेल.”

वर्षाने भिंती किंचित जाड दिसू लागल्या. दिसतात की नुसते तसे वाटते, यावर डॉक्टरबाई आणि मोठे डॉक्टर पाव तास वाद घालत होते. ह्या वेळी मात्र भिंगरीला मध्ये बसवून, तिला फोटो दाखवत.

आणि मग पावणेदोन वर्षांनी भिंगरी आली. चांगली उंच झाली होती, दोन वेण्या घालत होती. आजोबांच्या हातात आता पिशवीऐवजी काठी होती. एक्स-रे पडद्यावर आला आणि डॉक्टरबाई खुर्चीतून उभ्याच राहिल्या. जुना फोटो त्यांनी शेजारी लावला. अर्धे मूळ आता जवळपास पूर्ण होते. भिंती जाड. खालचे मोकळे तोंड मिटत आलेले.

मोठे डॉक्टर आले. चष्मा कपाळावर सरकवला, परत खाली आणला, परत वर सरकवला. “गार लावून बघा, दाताला जाणीव परत आली का ते,” ते म्हणाले.

डॉक्टरबाईंनी कापसाच्या छोट्या बोळ्यावर गार फवारा मारला. बोळ्यावर बर्फासारखी पांढरी साय धरली. “लगेच काही वाटलं नाही तरी हरकत नाही हं,” त्या म्हणाल्या आणि बोळा दातावर टेकवला. मी श्वास रोखून, म्हणजे दिवा जितका रोखू शकेल तितका रोखून, पाहत होतो.

एक. दोन. तीन. चार.

“ई! गार!” भिंगरी किंचाळली आणि खुर्चीत उडाली. “गार लागलं! डॉक्टरताई, खूप गार लागलं!”

आजोबांनी काठी टेकून आधी तिच्याकडे पाहिले, मग डॉक्टरबाईंकडे. “ओरडली म्हणजे चांगलं ना?” त्यांनी भीत भीत विचारले.

“खूप चांगलं, आजोबा. खूप.” डॉक्टरबाई हसत म्हणाल्या. मोठ्या डॉक्टरांनी दोन्ही फोटो छापून वहीत ठेवले आणि शिकायला येणाऱ्या मुलामुलींना दाखवायला नेले. जाताना भिंगरीशी त्यांनी हात मिळवला, मोठ्या माणसांशी मिळवतात तसा.

मित्रांनो, पुढच्याच वर्षी चार नंबरवर नवा पांढरा दिवा आला. मला वाटले होते, माझी रवानगी भंगारात होणार. पण डॉक्टरबाईंनी मला खालच्या मजल्यावर, पहिल्या तपासणीच्या खोलीत लावून घेतले. आपटून, पडून, तोंडाला रुमाल लावून जी मुले येतात, त्यांचे दात सगळ्यात आधी मी पाहतो. कुणी तासाभरात येते. कुणी चार महिन्यांनी येते, दुखत नव्हते म्हणून. कुणी ओरडा बसेल म्हणून, कुणी दात काढतील म्हणून गप्प बसलेले असते. तो उशीर मला लगेच दिसतो. हिरडीवर पांढरा होऊन बसलेला असतो.

सगळेच दात भिंगरीच्या दातासारखे वाढतात असे मी म्हणणार नाही. ते माझ्या डॉक्टरबाईही म्हणत नाहीत. पण वेळेवर आलेल्या दाताला संधी मिळते, आणि लपवलेला दात ती बहुधा गमावतो, एवढे मी माझ्या डोळ्यांनी पाहिले आहे. मुलांच्या आईबाबांनो, आजीआजोबांनो, पडलेल्या लेकराला आधी जवळ घ्या, मग काय रागवायचे ते रागवा. आणि मित्रांनो, तुम्हाला तर माझे एकच सांगणे आहे. लागले, तुटले, हलले, दुखले, नाहीतर एकदम दुखायचे थांबले, तरी मनात ठेवू नका. घरी सांगा, शाळेत सांगा, दवाखान्यात येऊन सांगा. माझा उजेड डोळ्यांवर आला तर हवे तर डोळे मिटा.

पण तोंड उघडा.